घंटा तीच, वर्ग वेगळा

जुनी मालिका पुन्हा लागली की घरातलं वातावरणच बदलतं, नाही का? २०२० च्या मार्चमधली टाळेबंदी आठवून बघा. २८ तारखेपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं आणि घरोघरी आजी, सून, नात एकाच दिवाणावर येऊन बसल्या. एक अक्षर बदललेलं नव्हतं. तेच संवाद, तेच मुकुट, तेच बाण. आणि तरीही, किंवा खरं तर म्हणूनच, सगळ्यांना ते हवंहवंसं वाटलं.

पण मैत्रिणींनो, मालिका पुन्हा दाखवणं वेगळं आणि पुन्हा बनवणं वेगळं. जुनी गोधडी उन्हात टाकून पुन्हा पांघरली तर ऊब तीच मिळते. तीच गोधडी उसवायला घेतली की मात्र आतले तुकडे दिसायला लागतात. हा आईच्या लुगड्याचा, हा बाबांच्या सदऱ्याचा, आणि हा? हा तर कुजलाय! मग प्रश्न पडतो, यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय? हल्ली जगभर जुन्या मालिका अशा उसवून नव्याने शिवायची टूम निघाली आहे. त्याला म्हणतात 'रीबूट'. अडलेला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतात ना, तोच शब्द. आपल्याकडेही २००४ साली सुरू झालेली 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २०१७ मध्ये हॉटस्टारवर परत आली, तेव्हा त्या सासू-सुनेला पुन्हा भेटायला आपण उत्सुक होतोच की.

आज बोलायचंय ते मात्र अमेरिकेतल्या एका शाळेबद्दल. 'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे ऐनवेळी घंटा झाली म्हणून वाचलेला! गृहपाठ झालेला नाही, बाई आपल्याच बाकाकडे येताहेत आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते, तो सुटकेचा क्षण. आपल्यापैकी बहुतेकींनी ही मालिका पाहिलेली नसेल. बिघडत नाही. कारण तिच्यातली मुलं, त्यांच्या खोड्या आणि त्या खोड्यांवर हसणारी मोठी माणसं आपल्या अगदी ओळखीची आहेत.

१९८९ ते १९९३ अशी चार वर्षं एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी ही मालिका लागायची. अमेरिकेत शनिवारची सकाळ म्हणजे मुलांची, कार्टूनची वेळ. त्या वेळेत शाळकरी मुलामुलींची ही विनोदी मालिका इतकी चालली, की १९९२ मध्ये एनबीसीने त्या वेळेतली कार्टून बंद करून किशोरवयीनांचेच कार्यक्रम सुरू केले. कॅलिफोर्नियातली समुद्राजवळची बेसाइड हायस्कूल ही काल्पनिक शाळा, रंगीबेरंगी लॉकर, 'द मॅक्स' नावाचं बर्गर मिळण्याचं ठिकाण आणि सहा मित्रमैत्रिणी. लबाड पण गोड झॅक, त्याचा वेंधळा दोस्त स्क्रीच, पैलवानी अंगाचा स्लेटर, सगळ्यांची लाडकी केली, हुशार जेसी आणि फॅशनची आवड असलेली लिसा.

आता एक गंमत ऐका. ही मालिका स्वतःच एका जुन्या मालिकेची नवी आवृत्ती होती! त्याआधी १९८८ मध्ये डिस्ने चॅनेलवर 'गुड मॉर्निंग, मिस ब्लिस' नावाची मालिका आली होती. तिची नायिका होती एक शिक्षिका. हेली मिल्स या नामवंत अभिनेत्रीने ती भूमिका केली होती. झॅक, स्क्रीच, लिसा हे त्या बाईंच्या वर्गातले विद्यार्थी. मालिका तेरा भागांतच आटोपली. मग एनबीसीने तिचं रूप पालटलं. इंडियाना राज्यातली शाळा उचलून कॅलिफोर्नियात आणली, मुलांना पुढे केलं आणि मिस ब्लिसबाईंना चक्क रजा दिली. मुख्याध्यापक बेल्डिंग सर तेवढे राहिले, तेही बहुतेक वेळा मुलांच्या हातून फसण्यासाठी.

म्हणजे बघा, बाईंचा वर्ग होता तो झॅकचा वर्ग झाला. कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. झॅककडे एक जादू होती. तो दोन हातांनी इंग्रजी 'टी' अक्षराची खूण करून म्हणायचा, 'टाइम आउट!' की आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थिजायचे. कुणाचा हात हवेत, कुणाचा घास तोंडाशी. आणि झॅक कॅमेऱ्याकडे वळून थेट प्रेक्षकांशी बोलायचा. आता मी काय करणार, कुणाला कसं बनवणार, ते सांगायचा. मग पुन्हा जग चालू. ज्याच्या हातात जग थांबवायची किल्ली, त्याच्याच बाजूने आपण गोष्ट पाहतो. तो लबाडी करतो, पण आपल्याला विश्वासात घेऊन करतो ना, मग ती लबाडी गोड वाटू लागते.

आणि मुली? त्यांना ही किल्ली मिळाली नव्हती. थिजलेल्या गर्दीत त्या उभ्या असायच्या.

एक भाग तर आज पाहताना अंगावर काटा येतो. शाळेसाठी पैसे मिळवायचे म्हणून झॅक आणि स्क्रीच पोहण्याच्या संघातल्या मुलींचे चोरून फोटो काढतात, त्यांचं कॅलेंडर छापतात आणि विकतात. मुलींना आधी कळतसुद्धा नाही. कळल्यावर त्या चिडतात, पण मग त्या फोटोंमुळे केलीला मॉडेलिंगची संधी चालून येते आणि गोष्ट वेगळ्याच वळणाला लागते. न विचारता काढलेल्या फोटोंचं काय? ते राहिलंच बाजूला! तेव्हा कॅमेरा एखाद्याच मुलाच्या हातात असायचा. आज तो वर्गातल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या मुलीचा असा फोटो शाळेच्या ग्रुपवर फिरला तर आपण हसू का?

लिसाचं बघा. स्क्रीच सतत तिच्या मागे. ती नाही म्हणते, चिडते, तोंड फिरवते. तो पुन्हा हजर. दर वेळी मागे हशा पिकतो. नकार हाच विनोद! मुलीच्या 'नाही'ला हसायची ही सवय काही एकट्या अमेरिकेची नाही. आपल्या हिंदी सिनेमांनी तर त्यावर पिढ्यान् पिढ्या गाणी रचली. आपल्याकडे २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे मुलीच्या मनाविरुद्ध तिचा पाठलाग करत राहणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तोवर ते 'मागे लागणं' होतं, 'प्रेमात पडणं' होतं, फार तर 'वय असतं हो ते' होतं.

आणि जेसी? ती सगळ्यांत हुशार, अभ्यासू. बायकांच्या हक्कांबद्दल ठामपणे बोलणारी. पण तिचं बोलणं बहुतेकदा विनोदासाठीच वापरलं जायचं. ती काही म्हणाली की स्लेटर तिला 'मामा' म्हणून चिडवायचा. आपल्या मराठीतला मामा नव्हे बरं का, तिकडे एखाद्या बाईला लाडीगोडीने किंवा सलगीने मारायची ती हाक आहे. ती तडकायची, प्रेक्षक हसायचे. जेसीचं म्हणणं चूक आहे असं कुणी म्हणायचं नाही. फक्त ते कुणी ऐकायचं नाही. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना आहे, हे काय वेगळं सांगायला हवं!

शेवटच्या वर्षी तर कमालच झाली. वाहिनीने आणखी भाग मागितले, पण केली आणि जेसी यांचं काम करणाऱ्या दोघी अभिनेत्रींनी नवा करार केला नाही. मग काय, टोरी नावाची एक नवी मुलगी आणली. काही भागांत केली-जेसी दिसतात, काहींत टोरी. तिघी एकत्र कधीच नाहीत. शेवटच्या पदवीदानाच्या भागात केली आणि जेसी आहेत, टोरीचा पत्ताच नाही! दोन मुली वर्गातून गायब होतात, एक नवीन येते, तीही गायब होते आणि मालिकेतलं कुणी 'अगं, त्या गेल्या कुठे?' असं विचारतसुद्धा नाही. झॅक असा गायब झाला असता तर चाललं असतं?

इथे कुणी म्हणेल, 'अहो, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची मुलांची मालिका ती. काळच तसा होता. आता काय प्रत्येक जुन्या गोष्टीची उलटतपासणी करायची?' हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. या मालिकेत चांगलंही पुष्कळ होतं. केलीच्या वडिलांची नोकरी जाते आणि प्रॉम या शाळेच्या नाचाच्या समारंभाला जाण्याइतके पैसे तिच्याकडे उरत नाहीत. तेव्हा झॅक त्या झगमगाटाकडे पाठ फिरवून तिच्यासाठी बाहेरच उघड्यावर छोटीशी पंगत मांडतो. फार हळुवार भाग आहे तो.

आणि जेसीचा तो गाजलेला भाग! नोव्हेंबर १९९० मधला. परीक्षेचं ओझं, सोबत मैत्रिणींचा गाण्याचा गट, दिवस पुरेना. जेसी जागं राहण्यासाठी कॅफिनच्या गोळ्या घेऊ लागते आणि शेवटी झॅकच्या खांद्यावर कोसळते. गाणं म्हणता म्हणता रडू लागते. मूळ कथेत ती याहून घातक अशा उत्तेजक गोळ्या घेत होती, पण शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात हे नको म्हणून वाहिनीने अडवलं आणि गोळ्या कॅफिनच्या झाल्या, असं निर्माते पीटर एंगेल यांनी पुढे सांगितलं. कॉफीतल्या घटकासाठी एवढा आकांत, म्हणून अमेरिकेत या प्रसंगाची वर्षानुवर्षं थट्टा झाली. पण बारावीचा अभ्यास म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणारी, चहावर चहा पिणारी मुलगी जिच्या घरात आहे, तिला विचारा. त्या प्रसंगाला ती हसणार नाही.

तेव्हा प्रश्न जुनी मालिका चांगली की वाईट, हा नाहीच. ती पुन्हा करायची म्हटलं तर कशी करायची, हा आहे. एक सोपा मार्ग असतो. साचा तोच ठेवायचा आणि मुलं बदलायची. 'सेव्ह्ड बाय द बेल : द न्यू क्लास' नावाने १९९३ ते २००० अशी सात वर्षं हेच झालं. तीच शाळा, तेच बेल्डिंग सर, तसाच एक लबाड मुलगा, तशीच एक सुंदर मुलगी. मुलं येत राहिली, जात राहिली. आज त्यातल्या कुणाची नावं फारशी कुणाला आठवत नाहीत.

२०२० मध्ये मात्र वेगळं घडलं. २५ नोव्हेंबरला पीकॉक या ओटीटीवर नवी 'सेव्ह्ड बाय द बेल' आली. ती घडवली ट्रेसी विगफिल्ड या लेखिकेने. 'थर्टी रॉक' या विनोदी मालिकेच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळवलेली ही बाई जुनी मालिका बघत लहानाची मोठी झालेली. तिने काय केलं असेल? जुन्या नायकाला मोठं होऊ दिलं. खरोखर मोठं! झॅक मॉरिस आता कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर झालाय आणि केली त्याची बायको. पैशांची काटकसर म्हणून तो गरीब वस्त्यांतल्या शाळा बंद करून टाकतो. ओरड झाल्यावर तोडगा म्हणून सांगतो, त्या मुलांना राज्यातल्या सगळ्यांत सधन शाळांत पाठवा. त्यातली एक शाळा म्हणजे त्याचीच बेसाइड!

पैसे नाहीत म्हणून रडवेल्या झालेल्या केलीसाठी ज्या मुलाने उघड्यावर पंगत मांडली, तोच मोठा होऊन गरीब मुलांच्या शाळांना कुलूप लावतो. स्वभावाने वाईट म्हणून नव्हे. त्याला आयुष्यभर सगळं सोपं गेलं म्हणून. काहीही केलं तरी ऐनवेळी घंटा व्हायची आणि तो सुटायचा. मागे राहून निस्तरायचे ते दुसरेच. जुन्या मालिकेतला विनोद न नाकारता त्या विनोदाचं बिल कुणी भरलं, हे नवी मालिका विचारते. तिची खरी करामत ही आहे.

बंद पडलेल्या डग्लस हायस्कूलमधून बेसाइडमध्ये येते ती डेझी. अभ्यासू, महत्त्वाकांक्षी, सगळं नीटनेटकं लागणारी. आणि आता जग थांबवायची किल्ली तिच्याकडे! झॅकचा मुलगा मॅक याच शाळेत आहे, बापासारखाच गोड आणि लबाड. पण कॅमेऱ्याकडे वळून आपल्याला विश्वासात घेते डेझी. ही चकचकीत शाळा, हे महागडे वर्ग, या मुलांना किती सहज मिळालंय सगळं, हे आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. शाळा तीच, लॉकर तेच, 'द मॅक्स' तेच. पाहणारी बदलली आणि सगळंच वेगळं दिसायला लागलं.

तिची मैत्रीण आयेशा मुलांच्या फुटबॉल संघात शिरते, तीही सगळ्यांत महत्त्वाच्या क्वार्टरबॅकच्या जागेवर. तिचा प्रशिक्षक कोण? स्लेटर! आणि जेसी आता डॉक्टरेट मिळवून त्याच शाळेत समुपदेशक झाली आहे. मुलांचं ऐकून घेणं हेच तिचं काम. जिचं कुणी ऐकत नव्हतं तिलाच ऐकण्याच्या खुर्चीत बसवलंय. मारिओ लोपेझ आणि एलिझाबेथ बर्कली हे जुने कलाकारच या भूमिकांत परतले. लोपेझ मेक्सिकन वंशाचा, पण जुन्या शाळेत स्लेटरच्या वंशाचा कधी उल्लेखही झाला नव्हता. शाळेची लाडकी चिअरलीडर लेक्सी ही पारलिंगी आहे, आणि तिची भूमिका जोसी टोटा या पारलिंगी अभिनेत्रीनेच केली. लेक्सीचं पारलिंगी असणं हा विनोद नाही. तिचा तोरा, तिची फुशारकी यांवर मात्र मनसोक्त हसता येतं. हसण्याची जागा अशी हलवता येते!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मधल्या काळात इंटरनेटवर 'झॅक मॉरिस इज ट्रॅश' नावाची एक विनोदी मालिका गाजली होती. जुना एकेक भाग घेऊन झॅकने त्यात काय काय उपद्व्याप केले याचा पंचनामा करणारी. ट्रॅश म्हणजे कचराच की! ती लिहिणाऱ्या माणसाला नव्या मालिकेने चक्क आपल्या लेखकांत घेतलं. टीका करणाऱ्याला दाराबाहेर उभं न करता त्याच्याच हाती लेखणी दिली. आपल्या किती संस्थांना, किती मंडळांना हे जमेल?

डेझीची गोष्ट बघताना मला आपल्याकडची आरटीईची मुलं आठवत राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. पण जागा मिळणं म्हणजे बाकावर बरोबरीने बसायला मिळणं नव्हे. डबा काय आणलास, वाढदिवसाला काय वाटणार, सहलीचे पैसे भरलेस का, या प्रश्नांमध्ये त्या मुलांची रोज परीक्षा असते. बेसाइडमधल्या पालकांचीही तशीच कुरबुर असते, फार गोड शब्दांत. आपल्या राज्यात २०२४ मध्ये नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचीही चर्चा झाली. शाळा दोन-चार किलोमीटर लांब गेली की कुणाचं शिक्षण आधी थांबतं, हे गावाकडच्या आयांना कोणत्या गव्हर्नरने सांगायची गरज नाही. थोरल्या मुलीचं थांबतं.

आता दुसरी बाजू. नव्या विचारांची मालिका म्हणजे चुकणारच नाही, असं थोडंच आहे! याच मालिकेत गायिका सेलेना गोमेझच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणावर विनोद केले होते. २०१७ मध्ये तिच्या मैत्रिणीने तिला स्वतःचं मूत्रपिंड दिलं होतं. जीवघेण्या आजारातून गेलेल्या बाईवर भिंतीवरचा शेरा लिहून हसायचं? चाहते संतापले. कंपनीने आणि निर्मात्यांनी माफी मागितली, तो भाग कापला आणि तिच्या नावाच्या, ल्युपस या आजारावर संशोधन करणाऱ्या निधीला देणगी जाहीर केली. बघा, जुन्या विनोदाचा हिशेब मागायला निघालेल्या लोकांनाही स्वतःचा विनोद कुणाला बोचतोय ते दिसलं नाही. तीस वर्षांनी कुणीतरी आपलीही गोधडी उसवणार आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

जुन्या सहा जणांतले सगळे सारख्या मानाने परतले असंही नाही. लिसा झालेल्या लार्क व्हुरहीसचं नाव सुरुवातीच्या घोषणेत नव्हतंच. पुढे ती थोड्या वेळापुरती दिसली. सहा जणांत ती एकटीच कृष्णवर्णीय होती, हे लक्षात घेतलं की ही गोष्ट जास्तच खुपते. स्क्रीचचं काम करणारा डस्टिन डायमंड १ फेब्रुवारी २०२१ ला कर्करोगाने गेला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला आदरांजली वाहिली गेली. त्या आधीच्या सीझनमध्ये मात्र तो नव्हता.

आणि मालिका टिकली किती? नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसरा सीझन आला आणि मे २०२२ मध्ये मालिका बंद झाल्याची बातमी. दोन सीझन, वीस भाग. समीक्षकांनी वाखाणली तरी! 'हेड ऑफ द क्लास' नावाच्या १९८६ च्या अशाच एका शालेय विनोदी मालिकेचंही २०२१ मध्ये पुनरुज्जीवन झालं. जुन्या मालिकेत मास्तर होते, नव्या मालिकेत तरुण बाई आणल्या. एकाच सीझनमध्ये गाशा गुंडाळला. त्याच्या उलट 'बॉय मीट्स वर्ल्ड' या १९९३ च्या मालिकेतल्या मुलाचं लग्न होऊन त्याची मुलगी नायिका झाली आणि 'गर्ल मीट्स वर्ल्ड' २०१४ पासून तीन वर्षं चालली. तेव्हा नायकाच्या जागी नायिका आणली की काम झालं, असं काही नसतं. मास्तरांचे कपडे बाईंना घालून मालिका नवी होत नाही. गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची, ते मुळापासून ठरवावं लागतं.

हे एवढं सगळं का सांगतेय? कारण उद्या आपल्या मालिकाही कुणीतरी उसवायला घेईल. १९९८ ते २००१ मध्ये झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' लागायची. शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलामुलींची ती मालिका आपल्यापैकी अनेकींनी तिशीत, विशीत किंवा शाळेत असताना चवीने पाहिली. तिच्यासारखं काही पुन्हा करायचं झालं तर नुसते मोबाइल आणि इन्स्टाग्राम घालून भागेल का? की वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेल्या, तेव्हा एकही संवाद नसलेल्या मुलीला कुणी विचारेल, 'तुला काय दिसत होतं गं?' बनवणाऱ्यांनी हे विचारायला हवं. आणि मागणी आपण करायला हवी, कारण बघणाऱ्या आपण आहोत. टीआरपी काय किंवा ओटीटीचं सबस्क्रिप्शन काय, शेवटी घरातल्या बायका काय बघतात यावर बऱ्याच गोष्टी ठरतात.

तोवर घरात करण्यासारखं एक काम आहे. जुन्या मालिका, जुने सिनेमे मुलांना दाखवायचे नाहीत, असं म्हणायचं कारण नाही. खुशाल दाखवा. सोबत बसून बघा. पण पोरं खळखळून हसली की एखाद्या वेळी आपणही हात उंचावून 'टाइम आउट' म्हणायला हरकत नाही. उपदेश नको, भाषण तर नकोच. नुसतं विचारायचं, 'आता जिच्यावर हसलात ना, तिला काय वाटलं असेल रे?' मुलालाही विचारायचं आणि मुलीलाही. कधी उत्तर येईल, कधी 'आई, प्लीज, बघू दे ना' असं येईल. येऊ दे. प्रश्न कानावर पडला की तो कुठेतरी राहतो.

आपल्या पिढीला घंटा होईपर्यंत गप्प बसायची सवय लागली होती. मुलाने काढलेली खोडी म्हणजे गंमत आणि मुलीने केलेली तक्रार म्हणजे कटकट, हे आपण शाळेत, घरात आणि पडद्यावर इतक्यांदा पाहिलं की त्यात काही वावगं आहे असं वाटेनासं झालं. पडद्यावरच्या एका शाळेत तरी आता एक मुलगी घंटेची वाट न पाहता मध्येच सगळ्यांना थांबवून बोलते आहे. ती मालिका बंद पडली, हे खरं. पण आपल्या घरातल्या डेझीला तसं बोलायला कुठल्या वाहिनीची परवानगी लागत नाही. आपली मात्र लागते. ती आपण देतो का, एवढंच बघायचं.